ओवाळणीची पाच रोपं

शनिवार, १४ जून
वारा नैर्ऋत्येचा, पाऊस सकाळपासून. जहाजावर बावीस वर्षं रोज असंच लिहिलं, आधी वारा, मग बाकीचं. जमिनीवर येऊन चार वर्षं झाली तरी हात तेच करतो. मनिषा म्हणते, नर्सरीला वारा कशाला लागतो? बायकोला काय काय समजावणार.

आज चारशे रोपं उतरली. ठेंगणे माड. प्रत्येक रोप काळ्या पिशवीत, मातीसकट, लॉरीने दोन दिवसांचा प्रवास करून दक्षिणेतून आलेलं. पालीच्या नाक्यावरून लॉरी वर चढवताना ड्रायव्हर मला शिव्या देत होता आणि मी त्याला. पण रोपं अशी हिरवीगार की सगळा राग गेला. गुणाजी माझा एकुलता एक कामगार, वय पासष्ट, जन्मभर लोकांचे माड लावत आला. त्याने एक पिशवी उचलली, मातीचा वास घेतला आणि म्हणाला, "माती आपली नाय."

"माती कुठली का असेना. तू रोप बघ."

"रोपच बघतंय," म्हणाला आणि बिडी पेटवली. ह्या माणसाला कशातच आनंद नाही.

संध्याकाळी दापोलीजवळच्या मुरुडहून गोदूताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन. "महिपा, पोय आली रे!" घरात कुणी बाळंत झाल्यासारखी ओरडत होती. पाच वर्षांपूर्वीच्या वादळात तिच्या आगरातले सगळे माड एका सकाळीत आडवे झाले. भाओजीही त्याच वर्षी गेले. त्यानंतर ह्या बाईने एकटीने अकरा माड लावले, घागरीने पाणी घालून वाढवले. त्यातल्या एकाला आता पहिला फुलोरा धरलाय. म्हणाली, "पाच वर्षां दर्याला विकतचा नारळ घालतंय मी. पुढल्या वर्षी नारळी पुनवेला घरचा घालीन."

मुरुडच्या आगरवाल्या बाईने समुद्राला विकतचा नारळ द्यायचा म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही.

रविवार, २९ जून
वारा जोराचा. एकशे त्रेसष्ट रोपं गेली. पालीत माझं नाव झालंय.

तेवीस रोपांनी मान टाकली. गुणाजी म्हणतो जाळा. भर पावसात काय जाळतो? मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडून दिली, पाण्याबरोबर गेली. घाण गेली, काम झालं.

मंगळवार, ८ जुलै
वारा बघायला वेळ झाला नाही. आज माझा माझ्याच गेटात अपमान झाला.

सकाळी एक जीप आली. आतून एक मुलगी उतरली, अठ्ठावीस-तीसची, पायात गमबूट. नाव मनस्वी. बाहेरून आलेल्या रोपांचा रोग तपासायचं काम तिच्याकडे आहे म्हणे. आल्या आल्या तिने घमेल्यात औषधाचं पाणी केलं, स्वतःचे बूट त्यात बुडवले आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही पण." मी! माझ्या नर्सरीत शिरायला मी चपला बुडवायच्या! आणि वर काका.

मग फॉर्म काढला. त्यावर लिहिलेलं, रोगाच्या धोक्याचं मूल्यांकन. माझं मूल्यांकन करायला निघालेली ही.

"रोपांबरोबर आरोग्याचा दाखला आला होता?"

म्हटलं, रोपं डोळ्यांना दिसतायत, दाखला कशाला?

"मेलेली रोपं कुठे टाकता?"

"पऱ्यात."

"आणि रोपांना पाणी कुठलं घालता?"

"पऱ्याचंच. त्याच्याइतकं गोड पाणी अख्ख्या पालीत नाही."

तिने मान वर न करता लिहिलं. कौतुकाचा एक शब्द नाही. मग विचारते, आतापर्यंत रोपं कुणाकुणाला विकली, नावं द्या. इथे मी सरळ नाही म्हटलं. गिऱ्हाइकाने विश्वासाने माल नेला, त्याचं नाव मी चहाडी केल्यासारखं सांगू?

शेवटी ती रोपांपाशी बसली आणि एकेकाच्या मधला कोंब, म्हणजे न उमललेलं पान, दोन बोटांत धरून ओढायला लागली. दहा रोपांतले तीन हातात आले. ओढल्यावर येणारच! माझे केस ओढले तर तेही येतील. कोंबाचं बूड तपकिरी, पिळपिळीत झालेलं आणि वास उन्हात चार दिवस राहिलेल्या कोलंबीचा. ती म्हणते, हा कोंब कुजण्याचा रोग, मातीतून आणि पाण्यातून पसरतो, बाहेरून रोप महिना महिना हिरवं दिसतं. माडाला कोंब एकच असतो, तो कुजला की माड गेला. हे मला सांगते, समुद्राकाठी जन्मलेल्याला!

फॉर्मवर खाली 'जास्त' ह्या चौकोनात फुली मारली. रोपं मोजली, दोनशे चौदा. भोवती पिवळी फीत बांधली. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत एकही रोप हलवायचं नाही म्हणाली आणि हुकमाचा कागद हातात दिला.

मला पिवळी निशाणं माहीत आहेत. बंदरात शिरताना जहाजावर मीच चढवायचो, डॉक्टर तपासून जाईपर्यंत कुणी उतरायचं नाही. पण ते जहाज होतं, त्यात चाळीस देश फिरलेली माणसं. ही बिचारी झाडं कुठे गेली होती फिरायला?

शुक्रवार, ११ जुलै
गिऱ्हाईक येतं, फीत बघतं, परत जातं. एकाने लांबूनच विचारलं, "मेलं कोण हो?"

शनिवार, १९ जुलै
पाऊस थांबून थांबून. पिवळ्या फितीकडे बघून आज आठवलं. एका बंदरात अधिकाऱ्याने माझ्या पेटीतली मनिषाने दिलेली लोणच्याची बरणी आणि आईने दिलेली दोन आंब्याची कलमं कचऱ्यात टाकली. कलमं मी कप्तानासाठी नेली होती. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. मी त्याला मराठीत जे बोललो तेही आठवतं. जगात सगळीकडे ह्या लोकांना प्रेमाने दिलेल्या वस्तूचाच संशय येतो.

गुणाजी फितीबाहेरून वाकून रोपं बघतो आणि काही बोलत नाही. बोलत नाही तेव्हा तो जास्त बोलतो. मी त्याला आज दोनदा ओरडलो.

गुरुवार, ७ ऑगस्ट
वारा पडलेला. परवा नारळी पौर्णिमा, राखी. ताईला काय न्यावं?

मनिषा म्हणाली साडी न्या. दर वर्षी साडी. ताई ती पेटीत घालते आणि जुनीच नेसून आगरात राबते.

तो हुकमाचा कागद मी आज चार वेळा वाचला. विक्री करू नये. व्यापारी वाहतूक करू नये. बरोबर. पण बहिणीला ओवाळणी घालू नये असं कुठल्या ओळीत लिहिलंय? ती मुलगी तोंडाने काय म्हणाली ते वेगळं, कागद तो कागद. ओवाळणी म्हणजे काय व्यापार आहे? त्यात पावती फाडतात?

पाच रोपं निवडली. ढिगातली सगळ्यांत उत्तम, पानं तकतकीत. निवडताना क्षणभर वाटलं, कोंब ओढून बघावा का? मग वाटलं, छे! बहिणीला द्यायच्या वस्तूची कोणी अशी झडती घेतो का? आणि आला असता हातात तर उगाच एक रोप फुकट.

गुणाजीला पिशव्या टेम्पोत ठेवायला सांगितल्या तर म्हणतो, "माज्या हाताला लागलाय." हाताला काय लागलंय विचारलं तर हात खिशात. मीच उचलल्या.

शनिवार, ९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ, मग मुरुड. वारा मंद, खाडी गुळगुळीत. रोपांवर ताडपत्री घातली होती. कशासाठी घातली, ऊन तर नव्हतं. असो.

ताईने राखी बांधली. मी तबकात ओवाळणी घालायच्या ऐवजी तिला अंगणात नेलं आणि ताडपत्री ओढली. ती बघतच राहिली. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "बघ गो, लोकांचे भाव पाकीट देतात. माज्या भावान माड दिलान!" तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही.

मी म्हटलं, कुंपणाकडे लाव. ऐकेल तर ती ताई कसली. पोय आलेल्या माडाभोवतीच खड्डे काढले. तो माड अजून इतका बुटका की उभ्याने पोयीला हात लागतो. म्हणते, "थोरल्यापाशी धाकटी नीट वाढतात." पिशव्या फाडून माती सगळी तिथेच ओतली, फुकट घालवायची नाही म्हणून. वरून पाऊस आला. ताई त्यात उभी राहून हसत होती. सत्तरीला आलेली बाई.

दुपारी समुद्राला नारळ घातला. विकतचा. "शेवटचा विकतचा," ताई म्हणाली.

कितीतरी दिवसांनी मी आज कुणाच्या उपयोगी पडलो. ती फॉर्मवाली हे कुठल्या चौकोनात लिहील?

सोमवार, १८ ऑगस्ट
अहवाल आला. रोग आहे म्हणे. सगळी रोपं नष्ट करायची.

मनस्वी आली, परत मोजली. दोनशे नऊ.

"काका, पाच कमी आहेत."

"उंदीर," मी म्हटलं.

"उंदरांनी पिशव्यासुद्धा नेल्या?"

तिने पेनाचं टोपण लावलं. म्हणाली, "शिक्षा करायला विचारत नाहीये. ती पाच जिथे असतील तिथे आजूबाजूला माड असतील. आत्ता कळलं तर ते वाचवता येतील."

"उंदीर म्हटलं ना एकदा!" माझा आवाज चढला. माझ्याच जागेत मला चोर ठरवते. आणि तिने काय करावं, तर आपला नंबर कागदावर लिहून तो तुळशीवृंदावनावर दगडाखाली ठेवून गेली. मी कागद फेकणार होतो. मनिषाने उचलून फडताळात ठेवला.

दोनशे नऊ रोपं खड्ड्यात घालून जाळली. ओली, त्यामुळे धूर फार. डोळे चुरचुरले.

मनिषा सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. बहुतेक धुराने डोकं दुखत असेल.

ताईला सांगावं का असं एकदा वाटलं. पण काय सांगू? तिची पाच रोपं हिरवीगार आहेत, परवाच फोनवर म्हणाली. उगाच तिच्या आनंदात माती कालवायची नाही. आणि ती रोपं मी स्वतः निवडलेली.

सोमवार, ६ ऑक्टोबर
वारा बदलला. पाऊस गेला.

ताईचा फोन. पोय असलेल्या माडाचं मधलं पान पिवळं पडलंय. मी विचारलं, खत काय घातलंस? सुकटीचं खत जास्त घातलं असशील. मिठाचं पाणी घातलंस का? कोण शेजाऱ्याने काही टाकलं नाही ना? मी इतका ओरडत होतो की ती शेवटी म्हणाली, "तू कुणावर रागावलायस, महिपा?"

मी म्हटलं, खतावर.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
फेरीबोट. वारा नाही.

माझी पाचच्या पाच रोपं मेलेली. ताईने फोनवर हे सांगितलंच नव्हतं. विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुला वायट वाटला असता."

मी पोय असलेल्या माडापाशी गेलो. मधला कोंब दोन बोटांत धरला. ओढला असं म्हणता येणार नाही, नुसता धरला. आला. तोच वास, कोलंबीचा. मग शेजारच्या माडाचा धरला. तोही आला. मग पुढच्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

ताई पाठीमागे उभी होती. "काय झाला रे ह्याला?" असं विचारत होती, परत परत.

मी पऱ्याला, दक्षिणेतल्या त्या लॉरीवाल्याला, ती रोपं भरणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मोठ्याने घातल्या. आगरात दुसरं कोणी बोलतच नव्हतं, त्यामुळे त्या सगळ्या मलाच ऐकू आल्या.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
मनिषाला फडताळातला कागद मागितला. तिने विचारलं नाही कशाला. हातात आणून दिला, म्हणजे तो कुठे आहे ते तिला पक्कं माहीत होतं. फोन लावला. "मी पालीचा महिपत," म्हटलं. पलीकडून ती म्हणाली, "कुठे आहेत काका, ती पाच?"

सोमवार, १३ ऑक्टोबर
हा तालुका तिचा नाही, तरी मनस्वी मुरुडला आली. इथल्या अधिकाऱ्याला घेऊन आली. गेटाशी घमेलं ठेवलं. मी न सांगता चपला बुडवल्या.

अकरातल्या चार माडांचे कोंब कुजलेले. बाकी सातांवर बोर्डोचं औषध मारायचं, बहुतेक वाचतील. चार तोडून जाळायचे.

मग तोच फॉर्म. पुन्हा तेच प्रश्न, पण ह्या वेळी ताईला.

"आजी, ही पाच रोपं कुठून आली?"

ताईने पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलंही नाही. "बाजारात घेतलंव, बाई. पालीचा बाजार का दापोलीचा, आता आठवत नाय. म्हातारी झालंय मी."

माझी ताई. चेष्टेतसुद्धा कधी खोटं न बोललेली. वादळानंतर पंचनाम्याला आलेल्याने दोन माड जास्त लिहू का विचारलं तेव्हा त्याला अंगणातून हाकलणारी. ती माझ्यासाठी तोंड भरून खोटं बोलत होती आणि मनस्वी पेन धरून थांबली होती. तिला सगळं ठाऊक होतं. मी फोनवर सांगितलं होतं. तरी ती थांबली होती.

मला इतका राग आला. आधी वाटलं ताईचा आला, मग वाटलं त्या मुलीचा, की ही मुद्दाम विचारते. पण रागाला बसायला दुसरी जागा सापडेना. मी म्हटलं, "लिहा. महिपत, पाली. तिचा भाऊ. रोगाची रोपं आहेत हे माहीत असताना दिली."

"महिपा!" ताई ओरडली. "मना खोटी पाडलास?"

"पाडलं."

"ह्याला माहीत नव्हता, बाई! ह्याला कधी कायच कळत नाय!" ती मनस्वीला सांगत होती. आयुष्यात माझा असा बचाव कुणी केला नाही.

'मूळ स्रोत' ह्या ओळीत माझं नाव गेलं. मनस्वीने विचारलं, गिऱ्हाइकांची नावं? मी वही बरोबरच नेली होती.

संध्याकाळी चार माडांवर मीच कुऱ्हाड चालवली. गुणाजी मागाहून एसटीने आला, न बोलावता. पोय असलेल्या माडापाशी मी थांबलो तेव्हा त्याने माझ्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. पोयीत बोराएवढे नारळ धरले होते. ताई ते बघायला बाहेर आली नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर
वहीत अडतीस गिऱ्हाइकं. एकोणीस घरं झाली. मी आणि गुणाजी दारोदार जातो, सांगतो, रोप उपटतो, जाळतो, चपला धुऊन पुढच्या घरी. सहा ठिकाणी रोग सापडला. एकाने मला शिव्या देऊन गेटाबाहेर उभं ठेवलं. मला त्याचा राग आला नाही. ह्याचंच दिवसभर नवल वाटलं.

उद्या पाडवा, परवा भाऊबीज. जाऊ नये असं ठरवलं होतं. ताईचा फोन आला. एवढंच म्हणाली, "परवा ये. हात हलवत ये."

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज
वारा उत्तरेचा, हलका. फेरीबोटीत टेम्पो नेला नाही, चालतच चढलो.

ताई गेटाशी घमेलं घेऊन उभी. तोंड करडं. "थांब. चपला बाहेर."

काढल्या.

"पिशवीत काय हाय?"

"पिशवीच नाही."

"खिशात?"

"काय नाही."

"हात दाखव."

दाखवले. पंजे पुढे, मग उलटे, शाळेत नखं तपासतात तसे. ती बघत राहिली. मग माझ्या पायांवर तिने स्वतः औषधाचं पाणी ओतलं, टाचा चोळून घेतल्या, आणि मला आत घेतलं. औषध थंड होतं आणि झोंबत होतं.

पाटावर बसवून ओवाळलं. तबक रिकामं राहिलं, त्याच्याकडे दोघांनीही बघितलं नाही. मग तिने माझ्या हातात नारळ दिला. सोललेला, दापोलीच्या बाजारातला.

"विकतचा हाय," ती म्हणाली. "पुढच्या पुनवेलाही विकतचाच असेल. तरी ये."

मी नारळ दोन्ही हातांत धरून बसून राहिलो.